चौथी सुई

पांढुर्ण्याहून येणारी दुपारची बस सौंसरच्या स्टँडवर लागली की कंडक्टर खिडकीतूनच ओरडायचा, "मास्तरची पोरगी आली का? तुह्या मामाचं सामान हाये!" मग मी गर्दीतून वाट काढत जाऊन सुतळीनं तोंड बांधलेली पिशवी उतरवून घ्यायचे. पिशवीत कायम संत्री. मामाचा बगीचा पांढुर्ण्याच्या अलीकडं होता आणि त्या थंडीत त्याच्या झाडांना जरा जास्तच फळ धरलं होतं. तीन-चार दिवसांआड एक पिशवी यायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही, नुसती संत्री. आईला ती खाता येत नव्हती. नागपूरच्या औषधानं तिचं तोंड आतून सोलून निघालं होतं, वरणातलं मीठसुद्धा झोंबायचं, मग आंबट रसाचं काय घेऊन बसलात. पण हे मामाला सांगायचं कुणी? आम्ही खायचो, शेजारी वाटायचो, तरी उरायचीच. पलंगाखाली संत्री, फडताळात संत्री, तांदळाच्या कोठीवर संत्री. सगळ्या घराला एकच वास, आणि त्यात मिसळलेला फिनाईलचा. आजही आमच्या घरात कुणी संत्रं सोललं की मी उठून खिडकी उघडते. नवरा चिडवतो, "संत्र्याच्या मुलखातली बाई आणि संत्र्याच्या वासानं पळते." पळते खरी. काय सांगू त्याला?

मामा स्वतः येत नव्हता. तो आईचा मोठा भाऊ, आई त्याला नुसतं 'भाऊ' म्हणायची. दसऱ्याच्या सुमारास नागपूरला आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तो आला होता. आईला बाहेर आणलं, छातीवर हे एवढं बांधलेलं, कडेला नळी आणि नळीच्या टोकाला लाल पाण्याची बाटली. मामानं ती बाटली पाहिली आणि सहा फुटी माणूस कॉरिडॉरमध्ये धाडकन आडवा झाला. दोन सिस्टरनी आणि बाबांनी मिळून त्याला बाकावर टाकलं. आजीही याच दुखण्यानं गेली होती, आणि तिचं सगळं मामानं केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवसानंतर तो फिरकला नाही, फक्त पिशव्या येत राहिल्या. आई म्हणायची, "माहा भाऊ संत्री धाडते, पन तोंड नाई दाखवत." हे ती हसून म्हणायची, पण बसच्या वेळेला तिचं लक्ष फाटकाकडं असायचं. पिशवी घेऊन मी एकटीच आत आले की ती कूस बदलून घ्यायची.

आमची आई मोठ्या आवाजाची बाई. भाजीवाल्याशी भाव करताना तिचा आवाज मागच्या गल्लीत ऐकू जायचा आणि हसली की घरातली भांडी वाजायची. बाबा जवळच्या एका खेड्यातल्या शाळेत मास्तर. सायकलवर जायचे, सायकलवर यायचे, बोलायचे कमी. वर्गात बोलून त्यांचे शब्द संपतात असं आई म्हणायची. त्यांच्या वाट्याचंही तीच बोलायची, आणि दोघांचं त्यात बरं चाललं होतं. मी एकुलती एक, बारावीला होते. आईला भर्ती केल्यापासून आत्या पांढुर्ण्याहून येऊन राहिली होती. ती बाबांची थोरली बहीण. हाताला चव आणि जिभेला धार. देवाधर्माचं आणि शकुन-अपशकुनाचं तिच्याइतकं पाठ कुणाला नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशननंतर सहा वेळा औषध सोडावं लागेल, दर एकवीस दिवसांनी एक. कागदावर त्याला मोठं नाव होतं. आई त्याला सुई म्हणायची, म्हणून घरात सगळेच सुई म्हणायला लागले. त्या सुयांनी आमच्या घराचं एक वेगळंच पंचांग तयार केलं. पहिले पाच दिवस ओकाऱ्यांचे. घमेलं सरकवल्याचा आवाज झाला की मी पुस्तक मिटायचे, आत्या चुलीवरची फोडणी तशीच उतरवून ठेवायची, कारण फोडणीच्या वासानं आईला भडभडून यायचं. त्या पाच दिवसांत आमच्या घरात हिंग पडत नसे. त्यानंतरचे आठ-दहा दिवस तोंडाचे. मऊ भात, दूध-भाकरीचा काला, गार केलेली पेज, तेही चमच्या-चमच्यानं. मग शेवटचा एक आठवडा बरा जायचा. त्या आठवड्यात आई उठून बसायची, आत्याच्या भाजीत खोड काढायची, माझ्या वेणीवरून बोलायची, बाबांना "सायकलीची घंटी तरी नीट करा" म्हणून टोचायची. ती भांडली की आम्हाला बरं वाटायचं. आम्ही मुद्दाम तिला भांडायला काहीतरी काढून द्यायचो. आणि असं सगळं जरा जमून आलं की परत नागपूर.

दुसऱ्या सुईनंतर तिचे केस गेले. उशीवर, कंगव्यात, जेवणाच्या ताटात. शेवटी तीच मला म्हणाली, "कात्री आन, काप उरलेले." मी कापले. कापताना तीच मला धीर देत होती. नंतर तिनं आरसा मागितला, पाहिला आणि पालथा घातला. "बोडकी दिसून राहिली मी," ती म्हणाली. "नवरा जित्ता असून बोडकी." त्या दिवसापासून तिनं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. घरातसुद्धा.

तिसऱ्या सुईनंतरच्या बऱ्या आठवड्यात, म्हणजे चौथी चार-पाच दिवसांवर आलेली असताना, बाबा कॅलेंडरपाशी उभे राहून म्हणाले, "शुक्रवारी सकाळची बस धरू." आई गहू निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच सांगितलं, "मी नाई येत."

"काऊन?"

"बस झालं. तीन घेतल्या. आता मरन आलं तर आलं, पन तोंडानं चार घास खाऊन तरी मरतो."

आमच्याकडं बायाही स्वतःसाठी 'मरतो, जातो'च म्हणतात. त्यामुळं तिचं बोलणं आणखीच ठाम वाटायचं. बाबांना वाटलं, रात्रीतून निवळेल. निवळलं नाही. आत्यानं रागावून पाहिलं, मी रडून पाहिलं. बाबांनी एका कागदावर सहा चौकोन काढले, तीन पेन्सिलनं काळे केले आणि शाळेतल्या पोराला दाखवावं तसं तिला दाखवलं, "पाह्य, अर्धं तं झालं." ती म्हणाली, "तुमी घ्या उरलेल्या." डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, मधेच सोडलं तर घेतलेल्या तिन्हींचा फायदा नाही. आम्हाला तिघांना ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. घरातला एक माणूस नाही म्हणत होता आणि बाकीच्या तिघांच्या हातात काहीही नव्हतं. ओढून तर बसमध्ये बसवता येत नाही ना कुणाला.

बुधवारी सकाळी बाबा शाळेत जायच्या आधी बाहेर पडले आणि तासाभरानं डोक्याला गमछा गुंडाळून परत आले. आई ओसरीत बाजेवर उन्हाला बसली होती. तिच्यापुढं उभं राहून त्यांनी गमछा काढला. डोकं चकाचक. मिशीसुद्धा नाही. मिशीशिवाय बाबांना मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचा वरचा ओठ इतका नाजूक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"तू एकटीच काऊन?" ते म्हणाले. "आता दोघंही सारखे. चाल शुक्रवारी."

पुढं त्यांनीच सांगितलं, नागपूरच्या वॉर्डात एका शहरी माणसानं बायकोसाठी असं केलेलं त्यांनी पाहिलं होतं. बायको हसली होती आणि सगळ्या सिस्टर त्याचं कौतुक करत होत्या. ते यांच्या मनात बसलं. पण नागपूरच्या वॉर्डातली गोष्ट वेगळी आणि सौंसरची वेगळी, हे इतक्या वर्षांच्या मास्तरकीनंतरही त्या भोळ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडं पुरुष मिशीसकट केस देतो ते एकाच कारणानं. आईबाप तर बाबांचे केव्हाच गेले होते. उरलं कोण?

आत्यानं दारातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "अरे बापा, काय करून आला हे!" आई मात्र हळूच म्हणाली, "मिशीपन काढली?"

"न्हावी म्हने, मिशीपन का? म्या म्हनलं, हाव, सगळंच काढ."

"आन् त्यानं काही इचारलं नाई?"

"नाई. हात जोडले त्यानं."

"मी जित्ती हावो ना अजून," आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. बाबा गमछा हातात घेऊन तसेच उभे. त्यांना वाटलं होतं, ती हसेल.

पुढच्या दोन तासांत जे झालं ते आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा कुणी हसलं नाही. बाबांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांना न्हाव्याच्या दुकानातून उतरताना पाहिलं होतं. ते शाळेत पोचले, हेडमास्तरांना सांगितलं, पोरांना रांगेत उभं करून दोन मिनिटं शांतता झाली आणि शाळेला छुट्टी. पोरं घरोघर बातमी घेऊन गेली. कुणी म्हणे नागपूरलाच आटोपलं, कुणी म्हणे अजून घरीच आहे. मागच्या गल्लीतल्या शकुंतलाकाकू डोळ्याला पदर लावून आत आल्या, हातात झाकलेलं पातेलं आणि फडक्यात भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलं-भाकर देतात, ती. फाटकातून चार पावलं आत आल्यावर त्यांना बाजेवर आई दिसली. काकू जागच्या जागी थिजल्या.

"ये वं शकुंतला," आई उठून बसत म्हणाली. "काय आनलं?"

"पिठलं," काकू कशाबशा म्हणाल्या. आणि खाली बसून जे रडायला लागल्या, ते शेवटी आईनंच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पिठलं मऊ होतं, बिनमिरचीचं. आईनं वाटीभर खाल्लं. आत्या आतल्या आत रामराम म्हणत होती. मला मात्र एवढंच दिसत होतं की तीन आठवड्यांत पहिल्यांदा आईनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली, आणि ती स्वतःच्या मयताच्या जेवणाची होती.

फाटकातून माणसं येतच राहिली. प्रत्येकाला बाबा फाटकाशीच गाठायचे आणि डोक्यावर हात ठेवून पुटपुटायचे, "नाई, नाई, तसं काही नाई." त्यांच्या त्या डोक्याकडं बघून कुणाला ते पटत नव्हतं. मग आई बाजेवरून ओरडायची, "येऊ द्या त्याईले, पाहू द्या!" लोक यायचे, बघायचे, खजील होऊन चहा पिऊन जायचे. चहाचं आधण चुलीवरून उतरलं नाही.

दुपारी जीप फाटकाशी थांबली आणि मामाचा हंबरडा ऐकू आला. "माय वं बाई! मले सोडून गेली वं!" एवढा मोठा माणूस ढेकळासारखा फुटत आत आला. शाळेतल्या कुणीतरी त्याच्याकडं फोन केला होता. पुढचं काही न विचारता तो निघाला होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं. ओसरीत येऊन तो गुडघ्यावर बसला, वर पाहिलं, आणि त्याचा हंबरडा मध्येच तुटला.

"भाऊ," आई म्हणाली, "आला का तू?"

त्यानं तिच्या पायाला हात लावून पाहिला, गरम आहे का म्हणून असावं.

"चार महिने झाले," आई म्हणाली. "मेली म्हनून आला. जित्ती होती तवा नाई आला."

"मले पाहवत नाई वं," मामा म्हणाला. "मायचं सगळं आठोते. तुह्याकडे निघतो आन् स्टँडवरूनच वापस जातो. म्हनून संत्री धाडून देतो."

"आन् आता हे काय आनलं?"

मामानं पुडकं पाठीमागं लपवलं. लपवायची गरज नव्हती. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं भावाकडचं पडतं. आईनं हात पुढं केला आणि तसाच ठेवला. शेवटी मामानं ते दिलं. तिनं कागद सोडवला. हिरवंगार, बारीक लाल काठाचं, अजून दुकानाच्या घड्या पडलेलं.

"रंग चांगला घेतला," ती म्हणाली.

आत्या धावली, "हात नको लावू वं त्याले! ठेव खाली, अभद्र कुठचं!"

"काऊन? नवं लुगडं हाये, कोना मेलेल्याच्या अंगावरचं थोडी हाये? मेल्यावर नेसवलं तं मले काय दिसनार? आताच नेसतो." मग तिनं बाबांकडं पाहिलं, पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. "शुक्रवारी हेच नेसून जातो नागपूरले. भाऊ, तूही चाल."

चार दिवस जिच्यापुढं आम्ही डोकं आपटलं, ती अशी कबूल झाली. कशामुळं झाली ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक भाऊ आला, त्यामुळं. बाबांनी गमछा डोळ्याला लावला. आत्या देवापुढं जाऊन बसली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

शुक्रवारी मामासह आम्ही चौघं सकाळच्या बसनं निघालो, आत्या घरी राहिली. हिरव्या लुगड्यातली आई स्टँडवर उभी होती आणि बुधवारी तिच्यासाठी रडलेले लोक तिला बघत होते. ती ताठ होती. आता रस्ता मोठा झालाय, पांढुर्णा तर जिल्हाच झाला, लोक सकाळी नागपूरला जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात. तेव्हा ती बस प्रत्येक फाट्याला थांबत जायची. वाटेभर मामा आणि आई लहानपणचं बोलत होते. कोणत्या बैलानं कुणाला ढुशी दिली, असलं काहीबाही. आई दोनदा मोठ्यानं हसली.

दवाखान्यात आधी रक्त काढलं. दोन तासांनी एक तरुण डॉक्टरीण रिपोर्ट घेऊन आल्या. बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, "पांढऱ्या पेशी कमी आहेत. आज औषध देता येणार नाही. आठ दिवसांनी या."

बाबांना ते कळलंच नाही. ते म्हणाले, "पण ती तयार आहे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तयारीचा प्रश्न नाही हो मास्तर. शरीर तयार नाही." बाबांनी परत तेच म्हटलं, "मॅडम, ती तयार आहे आज." तिसऱ्यांदा म्हणायला लागले तेव्हा मामानं त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं. परतीच्या बसमध्ये आई खिडकीला डोकं टेकून होती, पदर खाली घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही.

ते आठ दिवस आमच्या घरासारखं लाचार घर सौंसरात दुसरं नसेल. बाबा ज्यानं-त्यानं सांगितलेलं आणत होते. चुकंदर आणलं, डाळिंबं आणली, पपईची पानं वाटून रस काढला, तो आईनं ओकून टाकला. आत्या शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढं बसून आली. मामा घरी गेला, बगीच्याची तोड सुरू होती, आणि परत पिशव्या यायला लागल्या. आणि आई रोज थोडी थोडी आत जात होती. तिनं सगळं बळ त्या एका शुक्रवारसाठी गोळा केलं होतं. ते वाया गेलं होतं. आमच्याजवळचंही सगळं वापरून झालं होतं. बाबांना डोकं एकदाच करता येत होतं, मामाला तसं एकदाच धावत येता येत होतं.

आठव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी आईच्या तळपायांना तेल लावत बसले होते. बाबा अंगणात होते, आत्या दिवाबत्ती करत होती. आई म्हणाली, "मले उद्या नाई जायचं."

मी हात थांबवला.

"खरंच नाई जायचं. मी थकली. पन मले त्याईले सांगवत नाई. त्याईच्या त्या डोक्स्याकडे पाह्यलं का मायी जीभच उचलत नाई." तिनं माझं मनगट धरलं. "तू सांगजो. तुह्यं ऐकतीन थे. म्हनजो, आई खरंच नाई म्हनते. रागानं नाई, अशीच नाई म्हनते."

मी 'हो' म्हटलं. तेलाचे हात पुसले आणि अंगणात गेले. बाबा बाजेवर बसून सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावत होते. डोक्यावर केसांचे बारीक खुंट आले होते, त्यात पांढरे जास्त. मला बघून ते म्हणाले, "या टाइमले पेशी वाढल्या असतीन, नाई वं?" आणि माझ्या तोंडाकडं असे बघायला लागले, जसा काही रिपोर्ट माझ्याकडंच आहे. मी म्हटलं, "हो, वाढल्या असतीन." मग विचारलं, "बाबा, सकाळची बस कितीची हाये?" त्यांनी सांगितलं. मी आत आले आणि आईचं सामान भरायला घेतलं.

सकाळी आईनं विचारलं, "सांगतलं का?"

"हो."

"मंग? काय म्हनले?"

मी पिशवीत टॉवेल कोंबत होते. "काही नाई म्हनले," मी म्हटलं. "चाल म्हनले."

एवढंच. दोन वाक्यं. आई पलंगावरून उठली, हिरवं लुगडं नेसली आणि निघाली. बसमध्ये ती नागपूरपर्यंत बाबांशी एक अक्षर बोलली नाही. बाबांना वाटलं, घाबरली असेल. ते सारखे तिला विचारत होते, पाणी पाहिजे का, खिडकी लावू का, आणि ती बाहेर बघत होती. पेशी वाढल्या होत्या. चौथी सुई लागली. पाचवी लागली, सहावी लागली. पुढं तिनं कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हणून उपयोग नाही, असं तिनं धरलं असणार.

त्यानंतर तिला सव्वा वर्ष मिळालं. केस परत आले, ते कुरळे आले. आमच्या खानदानात कुणाचे नाहीत असे. आंबट-तिखट खायला लागली, मामाच्या बगीच्यात राहून आली, भाजीवाल्याशी परत भांडली. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष तिनं पाहिलं. लोक म्हणायचे, मास्तरनं बायकोला मरणाच्या दारातून ओढून आणली. ते ऐकताना कधी मला वाटायचं, मी ओढून आणली. आणि कधी वाटायचं, एका थकलेल्या बाईनं आयुष्यात एकदाच माझ्याकडं एक काम सोपवलं आणि मी तेवढं केलं नाही. दोन्ही खरंच आहे. यातलं जड कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरेल असंही वाटत नाही.

मग दुखणं हाडांत उतरलं. नागपूरच्यांनी सांगितलं, घरी न्या. बाबांनी लांब सुट्टी टाकली. ती घोटभर पाणीही चमच्यानंच घ्यायची आणि तो चमचा बाबांच्याच हातून. एका दुपारी मी पाण्याचा गडू धरून उभी होते आणि बाबा तिला पाणी पाजत होते. दोन-तीन चमचे झाल्यावर तिनं हातानं थांबवलं. तिचा आवाज तोवर पार खाली गेला होता, आम्हाला वाकून ऐकावं लागायचं.

"एक बोलू का?" ती म्हणाली. "चौथ्या सुईच्या टाइमले म्या नाई म्हनलं होतं. पोरीजवळ निरोप देला होता. तुमी ऐकलं नाई मायं."

बाबांचा चमचा हवेतच राहिला. मला बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. गडूतलं पाणी माझ्या पायावर सांडलं, आणि तोंडातून शब्द काही निघाला नाही. बाबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. आज ते माझ्याच घरी राहतात, रोज संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात बसून चहा पितो, आणि त्या दुपारबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

मग ते आईकडं वळले.

"हाव," ते म्हणाले. "चुकलंच मायं. ऐकाले पाह्यजे होतं."

आईनं हळूच मान हलवली आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.